विहिणींचा सर्व्हर

मास्तरीणबाईंचं चॅनल बंद पडलं ते एका पुतळ्यापायी.

कपडे चढवून बघायला शिंप्याकडे कमरेपर्यंतचा पुतळा असतो, तसा त्यांच्याकडेही होता. दर शनिवारी दुपारी त्या आपल्या दुकानातून शिवणाचा लाइव्ह वर्ग घेत. एकदा बाही जोडून दाखवायची म्हणून त्यांनी पुतळ्याचा सदरा उतरवला, आणि त्या बड्या व्हिडिओ कंपनीच्या यंत्राला तो उघडा माणूस वाटला. अश्लील दृश्य म्हणून चॅनलला टाळं! मास्तरीणबाईंनी तक्रार केली, तर उत्तर यंत्रानेच दिलं. पुन्हा केली, पुन्हा तेच उत्तर, स्वल्पविरामासकट.

"अगं, त्याला डोकंसुद्धा नाही!" त्या लेकीला फोनवर म्हणाल्या.

"कोणाला, यंत्राला?"

"पुतळ्याला! पण तू म्हणतेस तर दोघांनाही."

लेक हसत सुटली. "आमच्या सासूबाईंना विचार ना. त्यांचा जन्म सर्व्हर सांभाळण्यात गेलाय."

मास्तरीणबाईंनी 'बघते' म्हणून फोन ठेवला. विहीणबाईंशी त्यांचं वाकडं नव्हतं, पण फारसं सरळही नव्हतं. लेकीच्या लग्नाला तीन वर्षं झाली तरी दोघींचं बोलणं 'बरं आहे ना' आणि 'बरं आहे' याच्यापुढे सरकलं नव्हतं. विहीणबाई एका इस्पितळाच्या संगणक विभागात साहेब. आपण पडलो शिंपीण, म्हणून त्या चार हात लांब राहतात, असं मास्तरीणबाईंनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. पण करता काय? 'अडला हरी' म्हणत त्यांनी फोन लावला. म्हणीचा पुढचा अर्धा भाग मात्र मनातसुद्धा उच्चारला नाही.

विहीणबाई दुसऱ्याच दिवशी हजर. पिशवीतून एक बिजागरी तुटलेला लॅपटॉप काढून त्यांनी कटिंगच्या टेबलावर ठेवला.

"हा तुमचा सर्व्हर."

"एवढासा? मला वाटलं, कपाटाएवढा असेल."

"शंभरेक माणसांना पुरे. यावर मुक्त सॉफ्टवेअर टाकू. त्याची आतली शिलाई कोणीही उसवून बघावी, आपल्या मापाने आल्टर करावी. मालकबिलक कोणी नाही."

"आणि पुतळा?"

"तुमच्या घरात तुमचा पुतळा कसा का उभा राहीना!"

दोघी कामाला लागल्या. बाहेरच्यांना आत येता यावं म्हणून राउटरमध्ये वाट मोकळी केली, वर्गासाठी एक लिंक तयार केली. चाचणीला लेक तिकडून बघत होती. ती म्हणाली, "आई, तुझी कात्री उड्या मारतेय."

"इथून बाहेर जाणारं नेट बारीक आहे," विहीणबाई म्हणाल्या. "चित्राचा दर्जा जरा उतरवू या."

"म्हणजे बारीक नाकाच्या सुईत आपण जाड दोरा ओवत होतो."

"अगदी!" विहीणबाई खळखळून हसल्या. त्यांना हसता येतं हे मास्तरीणबाईंना त्या दिवशी कळलं.

शनिवारी जुने विद्यार्थी नव्या लिंकवर गोळा झाले. वर्ग असा रंगला की चहा निवून गेला. शेवटी मास्तरीणबाईंनी चित्रण करणाऱ्या मोबाइलवर बंद करायचं बटण दाबलं. "नक्की ना?" असं त्यावर उमटलं, पण चष्मा कपाळावर होता. त्या निवांत विहीणबाईंशेजारी खुर्चीत टेकल्या.

"एक सांगू? रागावणार नसाल तर," विहीणबाई चाचरत म्हणाल्या. "लग्नात तुम्ही मला निळा कोट शिवून दिलात ना, तो मी एकदाही घातला नाही."

"आवडला नाही?"

"फार आवडला! पण काखेत धरतो हो. हात वर केला की श्वास अडकतो. सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल, आणि तो न घालता तुमच्यासमोर यायचं म्हणजे लाज वाटायची. म्हणून येणंच टाळायचे."

"इंचभर कापडासाठी तीन वर्षं? आणि मी समजत होते, तुम्हाला शिंपिणीचं घर कमी वाटतं!"

"कमी? अहो, मी तुम्हाला घाबरत होते!"

तेवढ्यात लॅपटॉप टुणटुण वाजू लागला. 'मास्तरीणबाई, लाइव्ह चालूच आहे!' 'काखेत मार्जिन सोडलंय का बघा.' आणि लेकीचं: 'दोघी आया, पुरे करा, इकडे सगळे ऐकतायत!'

विहीणबाई पांढऱ्याफटक पडल्या. "आपलं बोलणं तिकडे थोडं उशिरा पोचतं."

"म्हणजे तिकडे तुम्ही अजून मला घाबरताच आहात?"

"आत्ता घाबरत असेन!"

दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि थोड्या वेळाने त्यांच्याबरोबर वर्गही.

पुढच्या शनिवारचा धडा अर्थातच निळा कोट. 'पोटभर हसायचं असेल तर या' म्हणत लोकांनी लिंक गावभर वाटली होती. मास्तरीणबाईंनी सगळ्यांसमोर कबूल केलं, की भेट गुपचूप द्यायची म्हणून त्यांनी माप अंदाजाने धरलं होतं. मग काख उसवून तिथे कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, घातली, कोट विहीणबाईंच्या अंगावर चढवला आणि टाचण्या लावल्या. नेमक्या त्याच वेळी लॅपटॉपचा पंखा घरघरला आणि चित्र थिजलं. बघणारे पार दोनशेच्या वर गेले होते.

विहीणबाई कीबोर्डकडे झेपावल्या.

"हलू नका, टाचण्या टोचतील!" मास्तरीणबाई ओरडल्या. "तुम्ही सांगा, मी करते."

हात पसरून उभ्या विहीणबाई एकेक अक्षर सांगत गेल्या, आणि मास्तरीणबाई तोंडात टाचण्या धरून एका बोटाने दाबत गेल्या. दर्जा आणखी उतरवला. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. चित्र हललं. लोक एकेक करून परतले तेव्हा उतरवलेल्या कोटाच्या कळीला मशीनवर शेवटची टीप पडत होती.

विहीणबाईंनी कोट घातला, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि भरभरून श्वास घेतला. चॅटमध्ये टाळ्यांचा पाऊस पडला. एका शहाण्याने मात्र लिहिलं, 'पाठीत जरा सैल वाटतोय.'

"आता याला कोणी हात लावायचा नाही," विहीणबाईंनी कोट घट्ट आवळला. "मी हा घालूनच घरी चालले."

आणि बाहेर रणरणतं ऊन असताना गळ्यापर्यंत बटणं लावून त्या खरंच तशाच निघाल्या.