उडालेले पक्षी

धाकटीचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि थोरली तिच्या कार्यशाळेत रुजू झाली, हे दोन्ही एकाच आठवड्यात घडलं. दुसरं जास्त दुखलं.

धाकटी मातीची भांडी आणि टाइल्स घडवायची. ओल्या चिखलावरून घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हा वाचनालयाच्या भिंतीसाठीच्या टाइल्स एकदा भाजून तयार होत्या. त्यांतल्या बारांवर पक्षी रंगवायचे होते. जलरंगात काढल्यासारखे हलके, पाणीदार पक्षी हवेत, असं ग्रंथपाल बाईंनी बजावलं होतं. डाव्या हातानं धाकटीला चमचाही धड धरता येईना. थोरल्या बहिणीला बोलावण्यावाचून इलाज नव्हता. थोरलीनं तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली होती. जलरंगात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला काही सांगू शकेल असंही कुणी नव्हतं.

"ताई, हे कागदावरचे रंग नाहीत," धाकटीनं पहिल्याच दिवशी सांगितलं. "हे अंडरग्लेझ. यांच्यावर चकाकीचा लेप चढतो आणि मग पुन्हा भट्टी. पातळ लावलेस तर उडून जातील. तीन हात दे."

"मला रंग शिकवतेस?"

थोरलीनं ब्रश टेकवला. कोरड्या टाइलनं पाणी क्षणात पिऊन टाकलं आणि ब्रश जागीच अडला.

"ही टाइल आहे की शोषखड्डा?"

"आधी ओल्या स्पंजनं पुसून घे."

"मग सांगायचं नाही का?"

"दोनदा सांगितलं."

"पुटपुटलीस. सांगितलं नाहीस."

असे चार दिवस गेले. धाकटीचे दातओठ खाऊन झाले, पण बगळा, खंड्या, घुबड, सुतार असे बाराही पक्षी तीन-तीन हातांनी उभे राहिले. पाचव्या दिवशी ती हात दाखवायला दवाखान्यात गेली. परतली तेव्हा टाइल्सवर, भट्टीत पारदर्शक होणारा तो पांढरा लेपसुद्धा चढलेला होता. त्याखालचं काहीच दिसत नव्हतं.

"तुझं काम वाचवलं," थोरली म्हणाली.

धाकटीनं हुश्श केलं आणि भट्टी लावली.

दोन दिवसांनी भट्टी उघडली आणि तिनं डाव्या हातानंच कपाळ बडवलं. बगळ्याची चोच तेवढी शिल्लक होती. घुबडाचे दोन डोळे होते, घुबड नव्हतं. बाकी सगळं लख्ख पांढरं.

"तुझी भट्टी खराब आहे," थोरली म्हणाली.

"ताई, तू रंग पुसलेस?"

"पुसले नाहीत, हलके केले. स्पंज फिरवला जरासा. फार भडक दिसत होते."

"भाजायच्या आधी दिसतात तसे राहत नाहीत गं ते! जन्मभर हेच! माझ्या वह्यांना कव्हरं तू घालायचीस, माझ्या लग्नातली साडी तू बदललीस, आता माझ्या टाइल्स!"

"कव्हरं वाकडी होती का?"

तेवढ्यात ग्रंथपाल बाई दारात उभ्या राहिल्या. काम कुठवर आलंय ते बघायला आल्या होत्या. धाकटी काही सांगणार, त्याआधीच त्यांनी एक टाइल उचलली, चष्मा वर सरकवला आणि उजेडात धरली.

"काढलेलं पुसून टाकलंत का हो? तुम्हालाच आवडलं नाही वाटतं?"

त्या खरंच विचारत होत्या. धाकटीनं पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली.

बाई गेल्यावर थोरली बराच वेळ ब्रश धूत राहिली. ब्रश स्वच्छच होते.

"किती हात म्हणाली होतीस?"

"तीन."

जास्तीच्या सोळा कोऱ्या टाइल्स होत्या म्हणून निभावलं. पण आता वेगळाच ताप सुरू झाला. थोरली प्रत्येक फटकाऱ्याला थांबायची. "एवढं पाणी चालेल?" "हा दुसरा हात झाला की तिसरा?" "पंख सुकलाय का बघ ना." धाकटी दिवसातून पन्नासदा स्टुलावरून उठून बघत होती.

"ताई, आता विचारू नकोस! काढ!"

"काढलं तर ओरडतेस, विचारलं तरी ओरडतेस."

या खेपेला दहा पक्षी छान आले. खंड्याचा निळा रंग शेपटीखाली ओघळला आणि सुताराच्या टाइलला तडा गेला. ते दोन्ही पुन्हा काढावे लागले आणि त्यावरूनही भांडण झालंच.

टाइल्स वाचनालयात बसल्या त्या दिवशी थोरली गवंड्याला सिमेंट कसं लावावं ते सांगत होती. धाकटी बगळ्यासमोर उभी होती. त्याचा पाय तीन हात देऊनही एकाच ओल्या रेघेत उतरल्यासारखा दिसत होता, वर दाट आणि खाली पाण्यात विरघळत गेलेला. मनगट धड असतं तरी आपल्याला तो जमला नसता, हे तिला कळत होतं. तिनं ते बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर पुढची दहा वर्षं तेच ऐकावं लागलं असतं.