पोपटावरची किल्ली

गजेंद्रकाका बडोद्याजवळ बाजव्याकडच्या एका कारखान्यात जन्मभर सुरक्षा अधिकारी होते, आणि निवृत्त झाल्यावर ती सगळी सुरक्षा त्यांनी हरणीतल्या आपल्या सोसायटीवर मोकळी सोडली. जिन्यात सायकल ठेवली की काका हजर, पतंगासाठी कोणी कठड्यावर चढलं की काका हजर. तिसऱ्या मजल्यावरच्या सलीलला तर ते डोक्याला ताप वाटायचे. तो कॉलेजात शिकवायचा, आणि त्याला कोणी शिकवलेलं त्याला खपत नसे.

विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हाही काकांचं तेच. पुढच्या इमारतीसमोरून पाणी ओसरलं होतं, पण मागच्या बंगल्यांच्या रांगेत अजून कमरेइतकं होतं. शहरातून आलेली माणसं तिथे वरच्या मजल्यांवर अडकलेल्यांना दूध, औषधं पोचवत होती. जो तो मगरीला भीत होता. बडोद्यात पूर आला की मगरीच्या गोष्टी पाण्याआधी घरात शिरतात. विजेची भीती मात्र कोणाला नव्हती, कारण लाइट पहिल्याच दिवशी बंद केली होती. काका म्हणाले, बंद केलेली लाइट कोणीतरी चालूही करतो, आणि मदत करणारी माणसं मरतात ती तेव्हा.

त्यांनी घरातला किल्ल्या अडकवायचा लाकडी पोपट आणून गेटवर टांगला. पाण्यात उतरणाऱ्याने आपल्या स्कूटरची किल्ली त्यावर अडकवायची, आणि परत आल्यावर स्वतःच्या हाताने काढायची. एक जरी किल्ली राहिली तरी लाइट चालू होणार नाही. बडोद्याचा माणूस एक वेळ चप्पल विसरेल, पण स्कूटरची किल्ली टाकून घरी जायचा नाही, हा त्यामागचा हिशेब. लोक हसले, आणि हसत हसत किल्ल्या अडकवून पाण्यात उतरले.

सलीलला मात्र हसू येत नव्हतं. त्याच्या आईला, मंदाकिनीबाईंना, श्वासासाठी ऑक्सिजनचं मशीन लागायचं. लाइट गेल्यापासून त्यांना सिलिंडर लावला होता, आणि तो आता संपत आला होता. दुसरा घेऊन निघालेला माणूस पुलापलीकडे अडकला होता. म्हणून दुपारी वीज कंपनीचे विक्रमसिंह आले तेव्हा सलीलच्या जिवात जीव आला.

विक्रमसिंहांनी गेटजवळचा मोठा स्विच तपासला. सगळ्या सोसायटीची लाइन एकच होती. "पाणीमां कोई नथी ने?" पाण्यात कोणी नाही ना, एवढंच त्यांनी विचारलं.

पोपटावर एक किल्ली लटकत होती. तिच्या साखळीला दोन चिमुकल्या टिपऱ्या होत्या. ती भक्तीबेनची होती. रावपुऱ्यात तिचं औषधाचं दुकान होतं आणि सकाळपासून ती औषधं वाटत होती. कोणी म्हणालं, ती मघाशीच मदतीच्या जीपमधून गेली. फोन लावला तर बंद.

"गेली असणार, काका," सलील म्हणाला.

"'असणार'वर मी लाइट चालू करू देत नाही."

सलीलचा तोल सुटला. वर माझी आई गुदमरतेय आणि तुम्ही लाकडाचा पोपट कवटाळून बसलाय, असं तो चारचौघांत बोलला. काकांचा चेहरा उतरला. मंदाकिनीवहिनींच्या घरचा दिवाळीचा फराळ त्यांनी एकही वर्ष चुकवला नव्हता. पण ते स्विचसमोरून हलले नाहीत.

"मग मीच बघून येतो," म्हणत सलील पँट दुमडायला लागला.

काकांनी तळहात पुढे केला. "किल्ली."

त्याने रागाने किल्ली अडकवली. पण पायांना पाणी लागलं तसा तो थबकला, आणि वळून विक्रमसिंहांना म्हणाला, "मी येईपर्यंत हात लावू नका हं."

आपण काय बोललो हे त्याला चार पावलांनी कळलं. मग वाटभर तेच डोक्यात घोळत राहिलं. पाणी गढूळ होतं, आधाराला हात टाकावा तर दिव्याचा लोखंडी खांब, पंपाची जाळी. मगर त्याला एकदाही आठवली नाही. त्याला दिसत होता तो विक्रमसिंहांचा हात, आणि त्या हाताला आडवा येणारा पोपट. सकाळपासून ज्याला शिव्या घातल्या, त्याचाच त्याला आधार वाटत होता.

शेवटच्या बंगल्यातून बसक्या आवाजातली हाक ऐकू आली. त्या घरातले म्हातारे नवराबायको पुढच्या इमारतीत हलले होते, आणि त्यांचं इन्सुलिन आणायला भक्तीबेन आत गेली होती. तरंगणारा फ्रीज कलंडून स्वयंपाकघराच्या दारात घट्ट अडकला होता. फोन पाण्यात गेला होता. ओरडून तिचा घसा बसला होता. पाण्यात उभी राहून ती दोन्ही हातांनी तो फ्रीज रेटत होती, आणि त्याची वायर अजून भिंतीतल्या प्लगात होती. सलीलने ती वायर पाहिली. 'गेली असणार' हे त्याचेच शब्द होते.

दोघांनी दोन बाजूंनी जोर लावून फ्रीज सरकवला. गेटवर आल्यावर भक्तीबेनने टिपऱ्यांची किल्ली काढली. सलील थांबलाच नाही. तो धावत तीन मजले चढून गेला. सिलिंडरचा काटा शून्याला टेकला होता. आईचे ओठ निळसर दिसत होते. त्याने मशीनचं बटण दाबून ठेवलं, पण मशीन मुकंच होतं. लाइट का येत नाही? तो गॅलरीत धावला.

खाली काका मान वर करून उभे होते. त्यांना सलील स्पष्ट दिसत होता. त्यांचं बोट पोपटाकडे होतं, आणि पोपटावर सलीलची किल्ली होती.

मी इथे आहे, दिसत नाही का, चालू करा, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. आत आईचा श्वास घरघरत होता. मग त्याला फ्रीजवर टेकलेले ते दोन हात आठवले.

"थांबा, काका," तो ओरडला. "येतोय मी."

ओल्या पायांनी तो जिना उतरला, आणि स्वतःच्या हाताने त्याने आपली किल्ली काढली. काकांनी रिकाम्या पोपटावरून एकदा हात फिरवला, मग विक्रमसिंहांना मानेने होकार दिला. वरून मशीनची घरघर ऐकू आली, तेव्हा काका भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते.