मधल्या सुट्टीतलं विसावं ताट

जोह्याजवळच्या आमच्या वाडीत प्राथमिक शाळा आहे, आणि ती टिकावी असं सगळ्यांना मनापासून वाटतं. फक्त तिथं शिकायचं ते दुसऱ्याच्या पोरांनी. असं करत करत पट एकोणीसवर आला. वीस मुलं नसतील तर शाळा बंद आणि पोरं बसने पेणला, असं वरून कळवलं होतं. शुक्रवारी केंद्रप्रमुख डोकी मोजायला येणार होते.

सगळ्यांत जास्त धास्ती नम्रताला. तिची मृणाली दुसरीत, आणि बसमध्ये बसली की ओकणारी.

पालकांचा सहभाग म्हणून मधल्या सुट्टीत रोज कुणीतरी आईबापाने यायचं, खिचडी वाढायची, पोरं मोजून वर्गात पाठवायची. सोमवारी नम्रता आली. गणपतीच्या कारखान्यातला उरलासुरला शाडू आणून पोरांनी आंब्याखाली एक मुलगी केली होती, स्वतःएवढी, ओबडधोबड. आता नम्रता गावातली आखणीवाली. मूर्ती कुणीही रंगवो, डोळे आखायचे ते तिनेच. बिनडोळ्यांचा चेहरा दिसला की तिचा हात शिवशिवतो. पिशवीत ब्रश होताच. समोर मृणाली जेवत होती, म्हणून तिचेच डोळे आखून दिले.

मंगळवारी शाळा समितीचे अध्यक्ष सुशील वाढायला आले. एकोणीस ताटं वाढून झाली, तरी समोर एक हात उरला. आंब्याखाली पाहिलं तर तिथं काही नव्हतं. त्यांनी विसावं ताट वाढलं आणि वीस पोरं मोजून वर्गात पाठवली. अध्यक्षाने घाबरायची नियमात तरतूद नाही. बुधवारी पाळी आलेल्या विमलबाईंनीही वीस ताटं वाढली. घरी जाताना म्हणाल्या, पोरगी गुणाची हाय, पाणी तेवढं पीत नाय.

गुरुवारी समितीची सभा झाली. आंब्याखालचं काय झालं, हा विषय पत्रिकेवर नसल्यामुळे कुणी काढला नाही. पट वीस झाल्याबद्दल अभिनंदनाचा ठराव मात्र एकमताने झाला. अडलं ते पालकाच्या सहीपाशी. सहीशिवाय प्रवेश देता येणार नाही, असं शाळेच्या शिक्षिका भूमिका मॅडमनी सांगितलं. सगळे नम्रताकडे बघू लागले.

"डोळे तू दिलेस गो," विमलबाई म्हणाल्या. "आता विसर्जनापर्यंत तुझीच."

नम्रताने पेणच्या बसचा विचार केला आणि सही केली.

शुक्रवारी केंद्रप्रमुखांनी वीस डोकी दोनदा मोजली, खिचडी खाल्ली, आणि पालकांचा सहभाग असावा तर असा, असा शेरा लिहून गेले. शाळा वाचली.

संध्याकाळी नम्रताच्या पायरीशी दोन मुली येऊन उभ्या राहिल्या. सोमवारचा ओबडधोबडपणा चार दिवसांच्या खिचडीने पार गेला होता. एकच बांधा, एकच गणवेश, दोघींच्या पायांना सारखीच माती. डोळ्यांवरून ओळखावं, तर आखणीत नम्रताचा हात आजवर चुकलेला नाही.

आमच्याकडे बाहेरून आलेल्या पोराला पाय धुतल्याशिवाय घरात घेत नाहीत. नम्रताने तांब्या भरला. पाण्यात शाडूचं काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"मृणाली," ती हळूच म्हणाली, "आधी तू ये गो."

दोघींनीही पाय मागे घेतले.