रातकिडे तोंड धुतात

"रोज लावता ना कॅल्शियमची भुकटी? अगदी रोज?" डॉक्टर लिंडक्विस्टनं तिसऱ्यांदा विचारलं आणि माझं टाळकंच सरकलं.

म्हटलं, "डॉक्टर, अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवतेय मी. एक फेरी चुकलेली नाही. रातकिड्यांना भुकटी लावायला चुकेन होय?"

तिनं नुसता एक्स-रे उजेडात धरला. माझी ग्लॅडिस, माझी रातकिड्यांवर जगणारी, रंग बदलणारी सरडी, पोटात खच्चून अंडी आणि हाडं अशी पुसट की शोधावी लागत होती. नर नसला तरी यांना अंडी होतातच, आणि त्यांच्या कवचांसाठी कॅल्शियम हाडांतून ओढलं जातं. वरून मिळालं नाही की अंडी बाहेर ढकलायची ताकदच राहत नाही.

"हे पातळ औषध द्या," डॉक्टर म्हणाली. "पुढच्या गुरुवारपर्यंत वाट बघू. नाहीतर त्या दिवशी दुपारी तीनला पोट उघडावं लागेल. खरं सांगते लोरेटा, तिला भूल झेपेलसं वाटत नाही मला. भुकटी तेवढी लावत जा."

तेवढी लावत जा! गाडीत बसल्यावर मी अशी मूठ हाणली की हॉर्न वाजला. शेजारी माझा नवरा वॉल्ट, मांडीवर ग्लॅडिसचा डबा.

"अगं, एखाद्या दिवशी राहिलीही असेल," तो म्हणाला.

"तू पण? वा!" आमचं टोलीडो गाव येईपर्यंत मी त्याच्याशी चकार शब्द बोलले नाही.

अहो, राहील कशी? फ्रिजवर कॅलेंडर आहे माझं. रोज साधं कॅल्शियम, पंधरवड्यातून एकदा व्हिटॅमिनवालं, त्या तारखांना लाल फुली. पहाटे पावणेपाचला उठायचं, सहा रातकिडे पिशवीत घालायचे, चिमूटभर भुकटी टाकून पिशवी हलवायची. पांढरेफटक होतात मेले. ते ग्लॅडिसच्या वाटीत सोडायचे आणि बस काढायला पळायचं. आठला तिचा दिवा आपोआप लागतो, अंग शेकून झालं की नऊच्या सुमारास ती खाते. वॉल्टनं काचेच्या कारखान्यात तीस वर्षं भट्टीसमोर काढली, पण रातकिड्याला हात लावायचा म्हटलं की हा पळतो बाहेर!

पातळ औषध निम्मं तिच्या हनुवटीवरून ओघळायचं. जीभसुद्धा धड फेकवत नव्हती तिला. रातकिड्याच्या अलीकडेच लुळी पडायची. मला बघवत नव्हतं.

शुक्रवारी फूटभर बर्फ पडलं आणि शाळांना सुट्टी जाहीर झाली. सवयीनं जाग आलीच होती. रातकिडे वाटीत सोडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कॉफी घेऊन तिथंच बसले.

आणि काय बघते! एकानं पुढच्या पायानं मिशी ओढून घेतली, तोंडातून फिरवली. मग दुसरी मिशी. मग पाय, मग डोकं. सगळेच्या सगळे लागले की कामाला! अर्ध्या तासात निम्मे काळे. पावणेसातला वाटीत सहा रातकिडे बसलेले, न्हाऊनमाखून, लग्नाला निघाल्यासारखे चकाचक. भुकटी सगळी वाटीच्या तळाशी.

"वॉऽऽल्ट!" मी अशी किंचाळले की तो एका पायात मोजा घालून धावत आला. "तोंड धुतात रे हे! मी भुकटी लावते आणि हे नालायक ती धुऊन टाकतात! चार-चार तास! तिला मिळतच नव्हती रे, मी रोज लावत होते आणि तिला एक कण मिळत नव्हता!"

मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

वॉल्टनं वाटीत डोकावून पाहिलं. मग मान खाजवली. "म्हणजे नऊ वाजता ताजी लावून द्यायला हवी."

"हो."

"आणि नऊ वाजता घरी मी असतो."

"हो रे."

"देवा रे," वॉल्ट म्हणाला. पण सोमवारपासून माझा नवरा ओव्हनचे जाड हातमोजे घालून, तोंड फिरवून, एकेक पांढराशुभ्र रातकिडा चिमट्यानं तिच्या पुढ्यात धरू लागला. मंगळवारी तिची जीभ अर्धी वीत सुटली म्हणून त्यानं मला तीनदा सांगितलं.

बुधवारी तिनं खाणं सोडलं. ते अंडी घालायचंही लक्षण असतं आणि मरणाचंही. ओल्या वाळूची बादली आत ठेवलेली होती, तिकडे ती ढुंकून बघेना. रात्रभर आम्ही दोघं छताकडे बघत पडलो.

गुरुवारी सकाळी बस मुलांनी भरलेली. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हा नियम. रेडिओ फक्त कामापुरता. ऑफिसात रोंडा बसते, ती कुणाला शिंकूही देत नाही त्यावर. तीच रोंडा साडेसातला रेडिओवर आली, आणि चक्क कुजबुजत!

"चौदा नंबर, तुझ्या नवऱ्याचा निरोप. ती बादलीत उतरली. खणतेय."

"तू का कुजबुजतेस गं?"

"तो कुजबुजत होता! म्हणे, माणूस दिसला तर ती खणायचं थांबते. तो जमिनीवर पालथा पडलाय."

बावीस नंबरचा ड्रायव्हर मध्येच ओरडला, "कोण खणतंय? काय खणतंय?" आणि मग प्रत्येक थांब्यावर रेडिओ. आठला नुसतं डोकं दिसतंय. सव्वाआठला शेपटी दिसतेय. माझ्या बसमधली चाळीस मुलं श्वास रोखून बसली होती, अठ्ठावीस वर्षांत एवढी शांत बस मी पाहिली नव्हती.

घरी पोचले, ग्लॅडिसच्या खोलीबाहेरच्या जिन्यावर वॉल्टशेजारी बसले. दाराच्या फटीतून एकेकानं बघायचं. बारा वाजले, एक वाजला. दीडला ती वर आली, वाळूनं माखलेली, पोट खपाटीला गेलेलं, आणि डोळे उघडे! एक्केचाळीस अंडी. वॉल्टनं हातमोजे न घालताच रातकिडा उचलला, भुकटीत घोळवला, समोर धरला. सट्कन जीभ सुटली आणि रातकिडा गायब! आम्ही दोघं म्हातारी स्वयंपाकघरात नाचलो.

मग मी डॉक्टरला फोन लावला. तीनची वेळ रद्द करा म्हटलं, आणि रातकिड्यांचं सगळं सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. दहा दिवस साठवलेलं होतं ना!

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"लोरेटा," ती म्हणाली, "रोज लावतो म्हणणारे माझ्याकडे खूप येतात. मी कधी विचारलंच नाही, किती वाजता. त्यातल्या काहींची जनावरं वाचली नाहीत. आणि मी त्यांना घरी पाठवलं ते खोटारडे समजून."

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "मग फोन करा त्यांना, डॉक्टर. आजच करा."

"हो," ती म्हणाली. "आता त्यांचीच यादी काढतेय."