गुरुबाईंच्या स्पीकरला नंबर मिळेना

या, असे पुढं सरका, मागं भिंतीला टेकून कथा ऐकायची नसते. आज एका वहिनीची गोष्ट सांगायची आहे. ऐकताना जीव टांगणीला लागला नाही, तर खुशाल उठून जा!

वृद्धाश्रमाच्या मोठ्या खोलीत वहिनीची नणंद पहिल्यांदाच चारचौघांत भजन गाणार होती. तिला सूर शिकवणाऱ्या गुरुबाई तिथंच वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना ऐकू जावं म्हणून वहिनीनं खोलीखोलीत स्पीकर बसवून ते नेटवर्कला जोडले होते. हे तर तिचं रोजचंच काम. आणि गाणं सुरू व्हायच्या तोंडावर वरून हाक आली: गुरुबाईंचा स्पीकर मुका!

वहिनी धावली. मागोमाग धाकटा दीर.

"भाऊजी, हा स्पीकर कुठला?"

"नवा. जुना खरखरत होता. म्हटलं, बाईंना नीट ऐकू यावं."

"जुनाच लावा पटकन."

"तो... खोलून ठेवलाय."

"धन्य आहे तुमची!"

तिनं लॅपटॉप उघडला. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो, आणि ते नंबर राउटर, म्हणजे वायफायचा डबा, आपणहून वाटतो. पण आज श्रोत्यांच्या फोनांनी सगळे नंबर उचलले होते. सकाळी भेटून घरी गेलेल्यांचेही दिवसभरासाठी अडकलेले, जणू रुमाल टाकून धरलेल्या जागा! नव्या स्पीकरच्या वाट्याला काहीच उरलं नव्हतं.

"हातानं घाला की एखादा नंबर!" दीर म्हणाला.

"आणि तोच कुणाच्या फोनकडे असला तर? ऐन भजनात दोघंही अडखळतील."

"मग ते वाटपच बंद करा!"

"म्हणजे खालच्या साऱ्यांचे फोन एकेक करून नंबर घालायला मी हातात घेऊ?"

खाली टाळ्या झाल्या, नणंद गायला बसली. गुरुबाई उशीवरूनच हळू म्हणाल्या, "पोरी, मला ऐकू येत नाही हे तिला सांगू नकोस हं. गाता गाता थांबेल ती."

वहिनीनं लॅपटॉप पुढं ओढला. त्याच क्षणी तिचं ठरलं! वाटप राउटरच करील, पण वाटे दोन. फोनांना नंबर अर्ध्या तासाच्या बोलीवर. घरी गेलेल्यांकडचे नंबर मोकळे करून स्पीकरांसाठी बाजूला राखलेले, त्यांना फोनांनी शिवायचं नाही. या बनावटीचा कुठलाही स्पीकर आला, जुना वा नवा, राउटरनं त्याला ओळखून त्यातलाच नंबर द्यायचा. बोटं भराभर चालली. झालं! स्पीकरचा दिवा तांबडा... अजून तांबडाच... देवा... हिरवा!

आणि खोलीत नणंदेचा सूर भरून आला. गुरुबाईंचे डोळे मिटले, बोटं चादरीवर ताल धरू लागली. मग एकाएकी भुवया चढल्या.

"अगं, घाई करतेयस! दम घे ना मेले!"

वहिनीला हसू आवरेना, डोळेही कोरडे राहीनात. "भाऊजी, पळा खाली! गाणं संपलं की तिला पहिलं हेच सांगा, बाईंनी चूक काढली!"

तर मंडळी, दाटीवाटीत बसून कुणाचं गाणं ऐकाल, तेव्हा वरच्या खोलीत चादरीवर ताल धरणाऱ्या त्या गुरुबाईंची तेवढी आठवण ठेवा.