बाडाची विश्रांती

जावई झाला म्हणून काय सासूच्या खाटेवर कागद निजवायचे? म्हातारीचं डोकं फिरलं होतं. नव्या लेखकांसाठीच्या कुठल्याशा पुस्तकात जावयाने वाचलं, की कादंबरी प्रकाशकाकडे धाडण्याआधी हस्तलिखिताच्या बाडाला विश्रांती द्यावी. त्याने घरातली सगळ्यात मऊ गादी शोधली, ती नेमकी सासूची. आता बाड पांघरूण घेऊन पंख्याखाली पडलं होतं आणि म्हातारी सतरंजीवर कंबर धरून बसली होती.

"हळू बोल गं आई," लेक कुजबुजली, "आत्ताच डोळा लागलाय."

"कुणाचा?"

"कादंबरीचा."

म्हातारीने पांघरूण खस्सकन ओढलं. "वाचा, जावईबापू. बघू तरी कशाने एवढी दमलीय!"

जावई घसा खाकरून वाचू लागला. पहिल्या पानावर नायकाने जांभई दिली. पुढे बऱ्याच पानांनंतर त्याने कूस बदलली. प्रकरण संपलं तरी गडी छताकडेच बघत होता.

म्हातारीने आपली उशी काखोटीला मारली.

"जावईबापू, विश्रांती भरपूर झाली. तुमचा नायकच अजून अंथरुणात लोळतोय. त्याला प्रकाशक दारात उभं करायचा नाही. आधी त्याला उठवा, कामाला लावा, आणि माझी खाट सोडा."