पहिलं पाऊल तुमचं

"घर विकायला छाती लागते!" किल्लीकाकांनी फोनच्या काचेकडे रोखून पाहत जाहीर केलं. "कारण आपण विटा विकत नसतो. माणसाचं उरलेलं आयुष्य आपण त्याच्या हवाली करत असतो." एवढं बोलून त्यांनी फोन छातीवरच्या पट्ट्यात अडकवला, दार ढकललं आणि ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

आत दुपारच्या उजेडात एक मोकळी खोली होती आणि तिच्या पाठीमागे अंधारा बोळ. काकांनी बोळाकडे पाहिलं. बोळानं काकांकडे पाहिलं.

"वाक्य झकास होतं, काका," कानात खोचलेल्या बटणातून मुलीचा आवाज आला. "आता आत चला."

"चाललोच आहे."

"चित्र हलत नाहीये पण."

"चौकट दाखवतोय. सागवानी आहे."

"चौकट दिसली, काका. वरून दिसली, खालून दिसली. घर बघणाऱ्या बाई आता येतीलच लाइनवर."

किल्लीकाका हे घरांच्या दलालीत मुरलेलं माणूस. त्यांची घर दाखवायची पद्धत गावभर नावाजलेली होती. कुलूप काढायचं, दार ढकलायचं आणि कमरेत किंचित वाकून बाजूला व्हायचं. "घर तुमचं, पहिलं पाऊल तुमचं." गिऱ्हाईक विरघळायचं. हल्ली अशी अदब राहिलीय कुठे, असं नवरा बायकोला म्हणायचा, दोघं आत जायची आणि त्यांच्या पाठीला जवळजवळ चिकटून काका आत शिरायचे. अदबीचा यात काही संबंध नव्हता. काकांना रिकाम्या घराची भीती वाटायची.

भीती भुताखेतांची नव्हती. भुताशी निदान बोलणी करता येतात, असं काकांचं धंदेवाईक मत होतं. त्यांना वाटायचं ते वेगळंच. आपली चाहूल लागून कोणीतरी नुकतंच उठून पलीकडच्या खोलीत गेलंय; आपण त्या खोलीत गेलो, की ते तिच्याही पलीकडे जाणार. आणि शेवटच्या खोलीला पलीकडची खोली नसते.

हे फक्त काकूंना ठाऊक होतं, आणि लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्या याबाबत गप्प होत्या.

पुढे सूनबाईनं दुकानात लक्ष घातलं. "बाबा, गिऱ्हाईक आता रस्त्यावरून येत नाही, फोनमधून येतं," असं म्हणून तिनं जाहिराती, फोटोंची रंगसफेदी आणि चौकशीला उत्तरं देणं हे सगळं लांबच्या एका कंपनीकडे सोपवून टाकलं. कंपनीनं बसल्या जागेवरून काकांना धंदा शिकवायला घेतला. उणीव म्हणायचं नाही, वैशिष्ट्य म्हणायचं. खोली लहान असेल तर ती 'आटोपशीर', अंधारी असेल तर 'निवांत'. काकांना यात शिकण्यासारखं काही दिसलं नाही. जन्मभर ते हेच करत आले होते; यासाठी बाहेरून माणसं नेमतात, एवढंच नवीन होतं.

तोंडचं पाणी पळालं ते पुढच्या सूचनेनं. परगावच्या गिऱ्हाइकाला फोनवरून घर फिरवून दाखवावं. त्या वेळी दलालानं एकटंच असावं, मध्ये दुसरं कोणी दिसू नये; कंपनीची एक मुलगी कानात बोलून काय करायचं ते सांगेल.

पहिल्या वेळी काकांनी शेजारच्या शिंप्याला नेलं. तो प्रत्येक खोलीत चित्रात आला. दुसऱ्या वेळी काकूंना नेलं, तर त्यांनी मोरीचा उतार चुकल्याचं मोठ्यानं सांगितलं. दोन्ही गिऱ्हाइकं गेली. सगळं बोलणं रेकॉर्ड होऊन संध्याकाळी सूनबाईकडे जायचं. तिनं ते ऐकलं आणि ती अगदी मायेनं म्हणाली, "बाबा, हे तिसरं नाही जमलं तर नका ओढत बसू. तो चपलांचा दुकानदार आपला गाळा मागतोच आहे. तुम्ही आता आराम करा."

म्हणून आज काका एकटेच आले होते.

"काका, बाई जोडल्या गेल्या," कानातली मुलगी घाईनं म्हणाली.

"नमस्कार," एक वयस्क, स्वच्छ आवाज आला. "मी दातांची डॉक्टर. होते म्हणा, दवाखाना बंद केला आता. एकटीलाच राहायचंय. दाखवा."

काकांनी सवयीनं वाकून बाजूला व्हायची तयारी केली. पुढे जायला कोणी नव्हतं. त्यांनी उजवा पाय आत टाकला. डावा बऱ्याच विनवण्यांनंतर आला.

"ही बैठकीची खोली. आटोपशीर."

आवाज भिंतींवर आपटून परत आला, आणि परत येताना तो काकांचा राहिला नव्हता. ते चालायला लागले तशी पावलंही वाजू लागली. ते थांबले, तरी एक पाऊल उशिरानं थांबलं. 

"स्वयंपाकघर बघू," बाई म्हणाल्या.

ओट्यावर एक कप पालथा घातलेला होता. त्याच्याभोवती ओल होती. भाडेकरू जाऊन महिना झाला होता. नळातून एक थेंब सुटला, आणि काकांच्या तोंडून निघालेला आवाज त्यांनी खोकल्यात बसवला.

"काका, थोडं हळू फिरा, चित्र थरथरतंय," मुलगी कुजबुजली.

"वारा आहे," काका म्हणाले. खिडक्या बंद होत्या.

मग बोळ आला. दिव्याचं बटण दाबलं, ते नुसतंच खट्ट वाजलं. बोळाच्या टोकाला निजायच्या खोलीचं दार होतं. मागच्या आठवड्यात घरमालकाबरोबर आले तेव्हा काकांनी ते सताड उघडं पाहिलं होतं. आता ते लोटलेलं होतं.

"ताई," काका दबक्या आवाजात म्हणाले, "ऐकतेयस ना?"

कानात काही नाही.

"ताई? हॅलो? बाई?"

नुसती पोकळ शांतता. लाइन गेली होती. काकांनी मागे पाहिलं. बाहेरचं दार कुठल्या कुठे, दुसऱ्या गावात असल्यासारखं दिसत होतं. पळायचं म्हटलं तर निजायच्या खोलीच्या दाराकडे पाठ करावी लागणार, आणि दाराआड जे कोणी होतं ते पाठीचीच वाट बघत असणार. काकांची पाचावर धारण बसली. माणूस अशा वेळी गप्प बसला तर संपतो, म्हणून ते बोलू लागले. स्वतःशीच, पण मोठ्यानं.

"काही नाहीये. दार आहे. लाकडी आहे. सागवानी नाहीये, ती चौकटपण सागवानी नव्हती. या बोळात दिवसाही उजेड नाही. इथे उभं राहिलं की नळाचा थेंब ऐकू येतो, आणि थेंब पडल्यावर पुढचा पडेपर्यंत जीव टांगणीला लागतो. मला भीती वाटतेय. हात बर्फ झालेत. आयुष्यभर लोकांना पुढे घालून मागून शिरलो मी, आणि लोक मला सभ्य म्हणाले. आता दार ढकलतो. कोणी असेल तर आधी सांगा, माझं वय झालंय."

त्यांनी बोटाच्या टोकानं दार ढकललं.

समोर एक म्हातारा उभा होता. तोंड उघडं, डोळे पांढरे, छातीवर काळी चौकोनी वस्तू बांधलेली.  म्हातारा त्यांच्याहून जास्त दचकलेला दिसला. भाडेकरूंना आरशाचं कपाट जिन्यावरून नेता आलं नसावं, हे काकांच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला.

"बसा खाली जरा," कानात बाईंचा आवाज आला. "लांब श्वास घ्या. नाकानं."

काका खरोखर खाली बसले.

"लाइन गेली होती ना?" त्यांनी विचारलं.

मुलगी चाचरत म्हणाली, "नव्हती गेली, काका. बाईंनीच मला लिहून सांगितलं, मध्ये बोलू नका म्हणून. सॉरी."

"माफ करा मला," बाई म्हणाल्या. "घाबरलेल्या माणसाचा आवाज मी ओळखते. जन्म त्यातच गेला माझा. तुम्ही उंबऱ्यापासूनच घाबरलेले आहात. मला ऐकायचं होतं."

काकांचे कान तापले. सूनबाई, संध्याकाळ, चपलांचं दुकान, सगळं एकदम डोळ्यांपुढे येऊन गेलं.

"खूप घरं पाहिली मी फोनवर," बाई सांगत होत्या. "सगळी निवांत. सगळी आटोपशीर. रात्री एकटीनं पडल्यावर तिथे काय ऐकू येतं, ते एकही दलाल सांगत नाही. घरात आता दुसरा माणूस नाही माझ्या. मला मोरीची, उजेडाची काळजी नाही. मला तेवढं एकच कळायला हवंय. एक करता का? दार लोटून घ्या. आतच बसा. बोलू नका. काय ऐकू येतं ते मला सांगा."

काकांनी दाराकडे पाहिलं. नाही म्हणायला तोंड उघडलं. पण बाईंचा शेवटचा शब्द किंचित हलला होता, आणि काकाही घाबरलेला आवाज ओळखत होते. रोज स्वतःचाच ऐकत होते.

त्यांनी बसल्या बसल्याच पायानं दार लोटलं.

खोली बंद झाली. आरशातला म्हातारा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. आधी काकांना फक्त आपलं काळीज ऐकू आलं. मग नळ. मग थेंबाच्या मधली ती जागा. त्या जागेत कोणीतरी श्वास घेतंय असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी स्वतःचा श्वास कोंडून धरला. तरी तो दुसरा चालूच होता. भिंतीतून. अगदी त्यांच्या पाठीमागून.

"काय आहे?" बाईंनी हळूच विचारलं.

 मान वळवायचा काकांना धीर नव्हता. इतक्यात भिंत करवादून बोलली.

"परत ओला टॉवेल पलंगावर! किती वर्षं सांगतेय मी?"

"अगं, वाळत टाकणारच होतो."

"टाकणार होतात! मेल्यावर टाकाल! आणि झोपताय काय असे भर दुपारी, घोरत?"

काका भिंतीला टेकले. टेकले म्हणजे कोसळलेच. "बाई," ते म्हणाले, "भिंत पातळ आहे. शेजारचं सगळं ऐकू येतं. घोरणंसुद्धा. शेजारीणबाई टॉवेलावरून नवऱ्याची हजेरी घेतायत."

कंपनीच्या मते याला काय म्हणायचं ते त्यांना आठवेना. 

 भिंतीपलीकडे बादली सरकली. नवरा काहीतरी पुटपुटला, आणि त्यावर त्याला आणखी ऐकून घ्यावं लागलं.

"हे रोज ऐकू येईल?" बाईंनी विचारलं.

"टॉवेलाचं सांगता येत नाही," काका म्हणाले. "पण त्या बाईंचा आवाज ऐकता, रोज काहीतरी असेलच."

"आणि तुम्हाला आता? भीती?"

काकांनी प्रामाणिकपणे चाचपून पाहिलं. "कमी आहे. भिंतीच्या बाजूनं."

"मला भिंतीच्या बाजूनं कमी झाली तरी पुरे," बाई म्हणाल्या. "घेते मी. मालकांना कळवा. पलंग त्याच भिंतीला लावणार." आणि त्या लाइनवरून गेल्या.

काका उठले. पँट झटकली. आरशात पाहून केस नीट केले. छाती पट्ट्यासकट थोडी वर आली.

"काका, झालं की हो!" मुलीला राहवेना. "माझी या महिन्यातली पहिलीच विक्री. म्हणजे तुमची. म्हणजे आपली. पण ते रेकॉर्डिंग... ते मला पुसता येत नाही. सूनबाईंना जाईलच."

"जाऊ दे," किल्लीकाका घनगंभीर आवाजात म्हणाले. "ऐकू दे तिला. ताई, लिहून ठेव. माणसानं भीतीला एकदा तोंड दिलं ना, की मग जगातलं कुठलंही दार..."

स्वयंपाकघरात थेंब पडला. काका थांबले. दारापलीकडे अख्खा बोळ होता, आणि त्यानंतर बैठकीची खोली.

"की मग काय, काका?"

"ते नंतर सांगतो," काका हलक्या आवाजात म्हणाले. "तू आत्ता फोन तेवढा ठेवू नकोस. मी बाहेर पडून कुलूप लावेपर्यंत काहीतरी बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. तुमचं ते 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' आहे ना, तेच म्हण. जरा सावकाश म्हण."